तुझ्या नावावर चालणारा वॉर्ड

घाटकोपर, शुक्रवार

प्रिय क्षमा,

आधी बस. पाय वर घे, नितेशला म्हणावं पाठीला उशी लाव, आणि मग वाच. रुक्मिणीकाकू रविवारी बोरिवलीला तुझ्याकडे यायला निघतायत, त्यांच्याच पिशवीत हे पाकीट टाकतेय, कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी. काकू तुझी आई, म्हणूनच त्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्या मला जिन्यात अडवून 'काय गो चेडवा, बारीक कित्या झालंस?' म्हणून विचारत होत्या, मी म्हटलं ऑफिसात काम जास्त आहे. तू म्हणशील, ही दर्शी पत्रं कधीपासून लिहायला लागली, एक फोन मारायचा ना! मारणार होते गं. दोनदा तुझा नंबर काढला आणि फोन परत ठेवून दिला. का ते सांगते, पण आधी मुद्द्याचं, कारण गोल गोल बोललेलं तुला कधीच आवडत नाही. तुमच्या वॉर्डात मनोरीचे काशीराम नावाचे एक पेशंट आहेत. त्यांना एका शनिवारी संध्याकाळी इन्शुलिन दोनदा दिलं गेलं. ते अजून शुद्धीवर आलेले नाहीत. आणि दोन्ही वेळा ते तू दिलंस, असं हॉस्पिटलची सिस्टिम सांगतेय.

हो, तूच. रजेवर गेलेली, आठवा सरून नववा लागलेली, दारात चप्पल घालतानाही नितेशचा खांदा धरणारी तू. मलाही आधी हसूच आलं होतं. आता येत नाही.

मी यात कशी आले ते ऐक. आमचे आप्पा अजून शेजारीपाजारी सांगतात, पोरगी कॉम्प्युटरची परीक्षा घेते. मला आधी राग यायचा, पण खरं म्हणजे याहून सोपं मलाही सांगता येत नाही. एखाद्या बँकेची, कारखान्याची, हॉस्पिटलची सिस्टिम किती वेळ चालू राहते, किती पटकन उघडते, तिच्यात भरलेलं पुरतं आणि खरं असतं का, थोडक्यात तिच्या भरवशावर माणसांनी राहावं का, हे तपासून आम्ही सांगायचं. महिन्यापूर्वी आमच्या साहेबांनी अंधेरीच्या ऑफिसात बोलावून मालाडच्या हॉस्पिटलचं काम माझ्याकडे दिलं. नाव ऐकून मी मनातल्या मनात उडीच मारली. म्हटलं, आपल्या क्षमीचं हॉस्पिटल! ती रजेवर असली म्हणून काय झालं, तिच्या कँटीनचे पोहे तरी खाऊ. तू माझी मैत्रीण आहेस हे साहेबांना सांगायचं राहून गेलं. तेव्हा त्यात काही बिघडतंय असं वाटलंच नाही.

तुमचे ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, चंद्रप्रकाश सर. तू त्यांचं कौतुक करायचीस ना, फार गोड माणूस म्हणून? आहेतच गोड. रोज मला स्वतः चहा आणून द्यायचे, पंखा जास्त तर नाही ना विचारायचे. आणि त्यांची सिस्टिम त्यांच्याहून गोड. बंद पडत नाही, अडखळत नाही, एकाही पेशंटचं एकही औषध नोंदवायचं राहिलेलं नाही. मी तपासलेल्या सगळ्या ठिकाणी काही ना काही खोट निघाली होती. माणसं विसरतात, चुकीचं दाबतात, उशिरा भरतात. इथे सगळं हिरवंगार. इतकी गुणी सिस्टिम बघून कुणीही खूश झालं असतं, माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. म्हटलं, आपल्या चाळीत एक नळ धड चालत नव्हता आणि हे इतकं मोठं हॉस्पिटल घड्याळासारखं चालतंय?

मग मी नुसते आकडे बघायचं सोडलं आणि वॉर्डात जाऊन उभी राहिले. तिथे मला तुमच्या बोटाची गंमत कळली. तुला ही गंमत माहीतच आहे, तू स्वतः मला फुशारकीने सांगितली होतीस, मीच विसरले होते. दिवसभर हात धुऊन, सॅनिटायझर चोळून नर्सेसच्या बोटांवरच्या रेषाच पुसट होतात, आणि कॉम्प्युटर उघडायचं ते बोटाचं मशीन कुणाचं बोट ओळखतच नाही. एकेकीने पाच-पाच वेळा अंगठा दाबायचा, पुसायचा, फुंकर मारायची, परत दाबायचा, आणि तिकडे पेशंट ओरडतोय. तुझं बोट मात्र पहिल्या झटक्यात लागायचं. काकू म्हणायच्या, घरात भांड्याला हात लावत नाही ना बाय माझी, मग रेषा शाबूत राहणारच! म्हणून मग वॉर्डाची रीतच पडली. सकाळी तू यायचीस, कॉम्प्युटर उघडायचीस, आणि दिवसभर सगळ्याजणी त्याच उघड्या पडद्यावर आपापलं काम नोंदवायच्या. पडदा आपोआप बंद होण्याची सोय होती, ती डॉक्टरांच्या तक्रारीवरून केव्हाच काढून टाकलेली. पुढे तर शेजारच्या वॉर्डातूनही बोलावणं यायचं तुला, क्षमाताई, जरा बोट द्या ना. आणि तू देत फिरायचीस, कुणाला नाही म्हणायला कधी शिकलीस तू? गेल्या वर्षी परिचारिका दिनाला सिस्टिम सगळ्यात उत्तम वापरणारी नर्स म्हणून तुला स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला, आठवतं? आपण किती मिरवलो होतो तो सेट. अगं, सबंध मजल्याचं काम तुझ्या एकटीच्या नावावर चढत होतं, तुला नाही तर कुणाला मिळणार तो!

तू रजेवर गेलीस, पण तू उघडून दिलेला एकही पडदा कुणी बंद केला नाही. बंद केला तर परत उघडायचा कसा, ही प्रत्येकीला भीती. त्यामुळे क्षमा, तू बोरिवलीत लोळत असताना तुमच्या वॉर्डात तू आजही ड्युटीवर आहेस. सकाळी औषधं देतेस, दुपारी ताप बघतेस, रात्रपाळीलाही तूच असतेस. तू कधी थकत नाहीस, कधी जेवायला जात नाहीस. एक दुपार तर मला अशी सापडली की तू एकाच वेळी दोन वॉर्डांत सलाईन बदलत होतीस. इतक्या लोकांच्या डोळ्यांसमोर एक नसलेली बाई काम करत होती आणि कुणालाही त्यात खटकत नव्हतं.

आता काशीरामांचं. म्हातारा कोळी माणूस, पायाला जखम झाली म्हणून आला होता, साखर वाढलेली. त्या शनिवारी संध्याकाळी दुपारच्या पाळीतल्या नर्सने जेवणाआधीचं इन्शुलिन दिलं आणि नोंदवलं. पण त्याच वेळेस वॉर्डाचं नेटवर्क गेलं होतं. अशा वेळी ती सिस्टिम बंद पडत नाही, म्हणून तर तिला माझ्याकडून पैकीच्या पैकी मिळणार होते. ती नोंद पोटात ठेवून घेते आणि नेटवर्क आलं की वर पाठवते. दरम्यान दुसऱ्या कॉम्प्युटरवर काशीरामांपुढे लालच दिसत राहतं, इन्शुलिन द्यायचं बाकी. पाळी बदलली, प्रेमा आली. तिने लाल बघितलं, म्हाताऱ्याला विचारलं, तर तो औषधाच्या गुंगीत नीट बोलेना, मग तिने दिलं. तिचं काय चुकलं सांग? तुम्हाला शिकवलंयच तसं, माणसाला विचारू नका, पडद्यावर बघा. प्रेमा मला जिन्याजवळ गाठून रडत सांगत होती, ताई, शप्पथ, स्क्रीन लाल होती. नंतर नेटवर्क आलं, दोन्ही नोंदी वर गेल्या, आणि दोन्हींवर तुझं नाव.

हे नीट लक्षात घे, कारण सगळं इथेच अडकलंय. दोन नर्सेसची दोन नावं असती तर कुणीही विचारलं असतं, दुसरीला पहिलीचं दिलेलं का दिसलं नाही? मग दोष सिस्टिमकडे गेला असता. पण एकाच नर्सने दोनदा दिलं म्हटल्यावर सिस्टिमचा प्रश्नच मिटला. राहिली ती विसरभोळी नर्स. चौकशी समितीच्या बैठकीबाहेर मी एका डॉक्टरांना बोलताना ऐकलं, गरोदर बाई, डोकं ठिकाणावर नसतं या दिवसांत. मी तिथेच त्यांच्या कानाखाली वाजवली असती गं. काशीरामांची बायको रोज सकाळी मनोरीहून फेरीबोटीने मार्वेला उतरते आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर येऊन बसते. तिला कुणीतरी तुझं नाव सांगितलंय. तिने मला विचारलं, ती क्षमा नर्स कशी दिसते?

मी मात्र खूश होते, कारण माझ्या हातात पुरावा होता. हॉस्पिटलच्या गेटवरचं हजेरीचं मशीन वेगळं आणि औषधांची सिस्टिम वेगळी, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. हजेरीत तुझी रजा त्या शनिवारच्या कितीतरी आधी सुरू झालेली स्पष्ट दिसत होती. म्हणजे जी बाई गेटमधून आत आलीच नाही तिने वरच्या मजल्यावर इन्शुलिन दिलं कसं? मी हे व्यवस्थित लिहून चंद्रप्रकाश सरांना पाठवलं. आमच्या कामात तशी पद्धतच आहे, अंतिम अहवालाआधी त्रुटी समोरच्याला दाखवायच्या, म्हणजे त्याला खुलासा करता येतो. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, फार महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिलीत, मनापासून आभार. मी त्या दिवशी घरी येताना आप्पांसाठी जिलेबी आणली होती.

चार दिवसांनी मी पुन्हा तपासायला गेले तर दोन्ही सिस्टिम जुळल्या होत्या. तुझी रजा आता त्या शनिवारनंतर सुरू होते. त्या शनिवारी तू गेटमधून आत आलीस, ड्युटी केलीस आणि बाहेर गेलीस, अशी हजेरी लागलीय. मी सरांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच तर विसंगती दाखवलीत, आम्ही दुरुस्त केली. आणि गंमत बघ, माझ्याच पद्धतीने मोजलं तर त्यांची सिस्टिम आता आधीपेक्षा जास्त विश्वासार्ह ठरते. जिथे विसंगती होती तिथे आता एकवाक्यता आहे. मी जुनी प्रत शोधायला माझा लॅपटॉप उघडला. पण आमची सगळी कागदपत्रं हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर ठेवायची असा करार, तिथेही नवीच नोंद बसलेली. हे पूर्ण वाचून झालं की थोडं पाणी पी. मी पण उठते आता, आप्पांची गोळ्यांची वेळ झाली.

शनिवार, दुपार

काल इथंच थांबले होते. वाटलं होतं की आज थोडं बरं काही लिहून संपवीन. तसं नाही झालं. आज सकाळी काशीराम गेले.

मी हॉस्पिटलातच होते. त्यांची बायको रडली नाही, मला एवढंच म्हणाली की आता पोलीस त्या नर्सला विचारतील ना? मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? प्रेमाला शोधायला वॉर्डात गेले, म्हटलं हिने जे मला सांगितलं ते समितीसमोर सांगू दे. प्रेमाने राजीनामा दिला म्हणे, गावी गेली. फोन बंद. तिच्यावर राग धरू नकोस, तिला कुणी आणि काय सांगितलं असेल ते आपल्याला माहीत नाही, आणि तिच्या पगारावर किती तोंडं आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर अजून तुझंच नाव उघडं आहे गं. माणूस गेला तरी. त्यांच्या मृत्यूच्या वेळेची नोंदही बहुतेक तुझ्याच नावाने पडली असेल, मी बघायला थांबले नाही.

निघताना चंद्रप्रकाश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा तयारच होता. म्हणाले, क्षमा मॅडम तुमच्या जवळच्या ना? त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर एक फोटो काढून माझ्यासमोर धरला. तुझ्या डोहाळजेवणाचा, नितेशने फेसबुकवर टाकलेला. तू हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, आणि मी बाजूला तोंडात करंजी कोंबून बसलेली. फार सुंदर फोटो आहे, म्हणाले, पण मैत्रिणीच्या बाबतीत तपासणी करताना तुम्ही कंपनीला हे कळवायला हवं होतं. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, मी अजून कुणाला बोललेलो नाही. क्षमा, तो फोटो त्याच शनिवारचा आहे. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं की तू कुठे होतीस. आणि मी वेडी, त्यांना पुरावे पाठवत बसले होते.

मी म्हटलं, मी या अहवालावर सही करणार नाही. ते हसले. अगदी मायेने हसले. आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सिस्टिम सर्व दृष्टीने विश्वासार्ह आहे, असा अहवाल तिथे पूर्ण तयार होता आणि त्याखाली माझी मंजुरी पडलेली होती. दर्शना धोंडिराम गवई, परवाच्या तारखेने. मी ती दिलेली नाही. मला तपासणीसाठी त्यांनीच एक खातं उघडून दिलं होतं, त्या खात्यातून ती दिली गेलीय. मी आमच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, अगं तूच मंजूर केलंस ना, आता काय नवीन? मी फोन ठेवला. आता कळलं तुला, मी फोन का नाही केला? हा मोबाईल कंपनीचा, सिमही कंपनीचं, आणि माझं त्यातलं कुठलं बोलणं उद्या कशाला जोडून लावतील याचा मला नेम राहिलेला नाही. भीती वाटतेय क्षमी. नोकरी जाईल याची तर आहेच, पण त्याहून जास्त याची, की मीच कुठेतरी काहीतरी केलं आणि विसरले की काय असं मला आज सकाळपासून दोनदा वाटून गेलं.

तर आता हे पत्र कशासाठी ते ऐक. सोमवारी तुला हॉस्पिटलमधून फोन येईल, हे निघताना सरांच्याच तोंडून ऐकलं. रजेच्या नोंदीत किरकोळ दुरुस्ती आहे, गाडी पाठवतो, फक्त एकदा बोट लावून जा, म्हणतील. गोड बोलतील, बाळाची चौकशी करतील. जाऊ नकोस. बोट लावू नकोस, कुणी घरी मशीन घेऊन आलं तरी दार उघडू नकोस. एकदा तुझं बोट लागलं की ती बदललेली हजेरी तूच मान्य केलीस असं होईल, आणि मग त्या शनिवारी तू वॉर्डात होतीस हे ब्रह्मदेवालाही खोडता येणार नाही. नितेशला आजच्या आज वकिलाकडे पाठव, आणि हे पत्र त्याच्या हातात दे. माझं टाइप केलेलं सगळं त्यांच्याकडे आहे, पण माझं हे कोंबड्याचे पाय ओढल्यासारखं अक्षर तू पाचवीपासून ओळखतेस, काकू ओळखतात, आपल्या शाळेच्या बाई ओळखतील. फोटो आधीचा म्हणतील, पाहुणे घरचेच म्हणतील, म्हणून या अक्षरात लिहून देते. त्या शनिवारी दुपारपासून रात्रीची जेवणं आटपेपर्यंत तू बोरिवलीला तुझ्या घरी होतीस, एकदाही उंबऱ्याबाहेर गेली नाहीस, आणि मी सगळा वेळ तुझ्या शेजारी बसले होते. ते माझ्या घरी येतील, आप्पांशी बोलतील, मला काय काय दाखवतील, आणि मी किती दिवस टिकेन ते मला खरंच माहीत नाही. तेव्हा क्षमी, पुढे कधी मी स्वतः तुझ्या दारात उभी राहून याच्या उलट काही सांगायला लागले, तर माझं ऐकू नकोस.

आज तरी पुरती तुझीच,
दर्शी